गोळी चालू आहे, मग थकवा का?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने ठेवलेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा तशीच ठेवली आहे.)



आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन. इथे राहायला आलो तेव्हा आपण तिशी-चाळिशीतले होतो. आता जिन्यात भेटलो की पहिला विषय मुलांच्या शाळेचा नसतो, गोळ्यांचा असतो. कुणाला बीपी, कुणाला शुगर, आणि बायकांमध्ये तर थायरॉईड. म्हणून महिला मंडळाने विषय दिला तोही थायरॉईडचाच. पण मी त्यातला एकच भाग घेणार आहे. गोळी रोज चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, आणि तरीही अंगातला थकवा जात नाही, अशा बाईने काय करायचं?

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी विज्ञान शिकवणारी निवृत्त शिक्षिका आहे आणि सतरा वर्षं ही गोळी घेते आहे. त्यामुळे आज मी सांगीन ते डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं म्हणून. डॉक्टरांऐवजी माझं ऐका, असं मी म्हणणार नाही.

प्रथम थोडं शास्त्र. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. मराठी पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात, बोलताना आपण सगळे थायरॉईडच म्हणतो. तिच्यातून जो रस रक्तात जातो त्यावर शरीराचा वेग ठरतो. हृदयाचे ठोके, पचन, अंगातली ऊब, केस, त्वचा, पाळी, मन, सगळ्यावर त्याचा हात आहे. हा रस कमी पडला की सगळं मंदावतं. थंडी जास्त वाजते, पोट साफ होत नाही, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, वजन थोडं वाढतं, केस गळतात, डोकं जड राहतं. त्याला हायपोथायरॉईड म्हणायचं.

हा काही दुर्मीळ आजार नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्या देशातल्या आठ शहरांमधली पाच हजारांहून अधिक प्रौढ माणसं तपासली होती. त्यात मुंबई होती, गोवाही होता. जवळजवळ ११ टक्के लोकांना हायपोथायरॉईड निघाला. म्हणजे नऊ-दहा माणसांत एक. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. पुरुषांना होत नाही असं मात्र नाही, ते सांगत नाहीत एवढंच!

होतो कशाने? आता मीठ आयोडीनयुक्त असल्यामुळे पूर्वीसारखं आयोडीनच्या कमतरतेने गलगंड होणं खूप कमी झालं. आता बहुतेक वेळा कारण असतं ते शरीराची संरक्षण यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते हे. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. म्हणजे आपण काही चुकीचं खाल्लं, कामचुकारपणा केला किंवा फार विचार केला म्हणून हा आजार झाला, असं नाही.

आता टीएसएच म्हणजे काय, हे आपल्या टाकीवरून सांगते. पाबळच्या माणसाला पाण्याची गोष्ट लगेच कळते. समजा, गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी झालं. वॉचमन वर जाऊन बघतो आणि मोटर लावायला ओरडतो. पाणी जितकं कमी, तितका तो मोठ्याने ओरडतो. आपल्या मेंदूच्या तळाशी पियूषिका नावाची ग्रंथी आहे, ती हा वॉचमन. तिचं ओरडणं म्हणजे टीएसएच. म्हणून थायरॉईड कमी पडला की टीएसएच वाढतो. पुष्कळजणींचा इथे गोंधळ होतो. 'माझा थायरॉईड वाढलाय' असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर वॉचमनचं ओरडणं वाढलेलं असतं आणि टाकी रिकामी होत आलेली असते.

रोजची गोळी म्हणजे बाहेरून आणलेला टँकर. बोअर आटली, म्हणून टँकरने टाकी भरली. वॉचमन गप्प झाला. रिपोर्ट नॉर्मल आला. आता यातून दोन गोष्टी कळतात.

पहिली अशी की, रिपोर्ट नॉर्मल आला तो टँकर येतोय म्हणून. टँकर बंद केला तर टाकी पुन्हा रिकामी होणार. 'रिपोर्ट चांगला आला, आता गोळी कशाला' म्हणून गोळी सोडणाऱ्या बायका मी आपल्याच पंचक्रोशीत पाहिल्या आहेत. माझ्या एका मावशीने कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी सोडून काढा सुरू केला. सात-आठ महिन्यांत तिचा चेहरा सुजला, आवाज जाड झाला, दिवसभर झोप. घरच्यांना वाटलं वयामुळे असेल. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचली, पण पूर्वपदावर यायला तिला फार महिने लागले. काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण गोळीच्या जागी नको.

दुसरी गोष्ट आजच्या विषयाची. टाकी भरलेली आहे, वॉचमन गप्प आहे, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला धार बारीक येते. मग काय करायचं? आणखी एक टँकर मागवायचा? की नळात कचरा अडकलाय का ते बघायचं? 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही' असं म्हणणं म्हणजे टाकी बघून नळ न बघणं. आणि 'मला अजून थकवा आहे, गोळी वाढवा' असं म्हणणं म्हणजे भरलेल्या टाकीत पाणी ओतणं. दोन्हीने नळ सुरू होत नाही.

डॉक्टरांच्या पुस्तकांतही ही गोष्ट मान्य आहे. गोळी घेऊन टीएसएच नॉर्मल झालेल्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांना त्रास उरतोच, असं युरोपातल्या थायरॉईड तज्ज्ञांच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. म्हणजे ज्या बाईला असं होतं ती नाटक करत नाही. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगते, कारण मला स्वतःला तीन वर्षं हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझं असं झालं. गोळी सुरू झाली, तीन महिन्यांत टीएसएच नॉर्मल झाला. थंडी वाजणं कमी झालं, चेहऱ्याची सूज उतरली. पण थकवा तसाच. पाचव्या तासाला फळ्याजवळ उभं राहवेना. हजेरी घेताना तीन-तीन वर्षं शिकवलेल्या मुलाचं नाव आठवेना. पायाला मुंग्या यायच्या. दर वेळी रिपोर्ट बघून उत्तर एकच, 'सगळं नॉर्मल आहे, ताई, मनावर घेऊ नका.' मनावर घेऊ नका म्हणजे नेमकं काय करू नका, हे मला कधी कळलं नाही.

पुढे एका दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, जेवणात काय असतं? मुंग्या कधीपासून येतात? झोप कशी आहे? मग त्यांनी बी-१२ तपासायला सांगितलं. ते खूपच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली. मुंग्या दोन-तीन महिन्यांत कमी झाल्या, नावं आठवायला लागली.

आता ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. आपल्याच शिरूर तालुक्यात वढूला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं ग्रामीण आरोग्याचं काम आहे. डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात ते सुरू केलं. पुढे १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. जगभर तो पुण्याचा अभ्यास म्हणून ओळखला जातो. त्यात असं दिसलं की, दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. म्हणजे तिघींतल्या दोघी! हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. भाजी-भाकरीतून मिळत नाही. आणि आपल्याकडे घरात दूध असलं तरी आधी डेअरीला, मग मुलांना, मग चहात. बाईच्या वाट्याला काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे.

थायरॉईडचा आजार आणि बी-१२ ची कमतरता एकाच बाईत असू शकते, आणि दोन्हींची लक्षणं सारखी. थकवा, विसरभोळेपणा, उदासी. मग सगळं खापर थायरॉईडवर फुटतं आणि दुसरं दुखणं लपून राहतं.

तर आता पायरी पायरीने बघू. थकवा उरला असेल तर कशाकशाची खात्री करायची?

पहिली पायरी : गोळी खरंच अंगी लागते का?

ही गोळी फार नाजूक आहे. पोटात अन्न असलं की ती नीट शोषली जात नाही. म्हणून सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नको. चहासुद्धा नको. आपल्याकडे चहा थांबवणं सगळ्यात अवघड, मला माहीत आहे. गोळी घ्या, अंगण झाडा, पाणी भरा, अंघोळ करा, मग चहा. ज्यांना सकाळी जमतच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यावी, पण शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तास झाले पाहिजेत. वेळ कुठलीही ठरवा, रोज तीच ठेवा.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीच्या औषधांबद्दलही डॉक्टरांना विचारा. माझ्या नात्यातल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, थायरॉईडची गोळी दुसऱ्या डॉक्टरांची. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'सकाळी' लिहिलेलं. वहिनी दोन्ही गोळ्या एका घोटात घ्यायच्या. टीएसएच वाढत गेला, गोळीचा डोस दोनदा वाढवला. शेवटी औषधाच्या दुकानातल्या मुलाने विचारलं, 'काकू, दोन्ही एकदम घेता का?' कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर नेलं आणि पुढच्या तपासणीत डोस उलट कमी करावा लागला. दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या, त्यांची एकमेकींशी गाठ कधी पडली नव्हती. म्हणून डॉक्टर कुठलाही असो, सगळ्या गोळ्यांची एक यादी पर्समध्ये ठेवा आणि प्रत्येकाला दाखवा.

गोळीची बाटली गॅसच्या ओट्यावर, खिडकीच्या उन्हात किंवा न्हाणीघरात ठेवू नका. उष्णता, ओल आणि उजेड, तिन्हींनी ती खराब होते. तिच्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून कोरड्या कपाटात ठेवा. मार्च ते मे आपल्याकडे ऊन कसं असतं ते सांगायला नको. आणि एक कंपनी चालू असेल तर शक्यतो तीच ठेवा. दुकानदाराने बदलून दिली तर डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते तपासणी करून घेतील.

उपवासाचं बायका नेहमी विचारतात. एकादशी असो, संकष्टी असो, नवरात्र असो, गोळी रोजच घ्यायची. साबुदाणा तासाभराने खाता येतो. आपल्यातली जी जैन कुटुंबं चौविहार पाळतात, त्यांना रात्रीची वेळ चालणार नाही. त्यांनी नवकारशीनंतर उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घेऊन मग नाश्त्याला थांबायचं, असं डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. व्रत आणि गोळी यांचं भांडण नाही.

दुसरी पायरी : रिपोर्ट नीट वेळेवर झाला का?

ही गोळी शरीरात हळूहळू साठते आणि हळूहळू जाते. आज घेतलेल्या गोळीचं अर्धं औषध सात दिवसांनीही रक्तात असतं. म्हणून डोस बदलल्यावर आठ दिवसांत टीएसएच करण्यात अर्थ नाही. सहा ते आठ आठवडे थांबायचं. एकदा बसलं की सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, डॉक्टर सांगतील तसं. आणि टीएसएच नॉर्मल झाला त्या दिवशी थकवा गेला, असंही होत नाही. केस, त्वचा, स्नायू यांना सावरायला काही महिने लागतात.

तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये, सकाळी एकाच सुमाराला करा. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घेतली तर चालेल का, ते विचारून ठेवा. केस गळतात म्हणून पुष्कळजणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. त्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तपासणीआधी किती दिवस त्या बंद ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारा, निदान दोन दिवस तरी.

आणि लेकी-सुनांना सांगा, दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं. गरोदरपणात गोळीची गरज वाढते, आणि पहिल्या महिन्यांत बाळाला आईचाच थायरॉईड मिळतो. तिथे पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं नाही.

तिसरी पायरी : दुसरं काही आहे का?

हीच सगळ्यात महत्त्वाची. बी-१२ चं सांगितलं. दुसरं म्हणजे रक्त कमी असणं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त! थायरॉईड कमी असताना पाळीत रक्त जास्त जातं, त्यामुळे दोन्ही आजार हातात हात घालून येतात. हिमोग्लोबिन तर बघाच, शिवाय शरीरातला लोहाचा साठा किती आहे ते सांगणारी फेरिटिनची तपासणी लागेल का, ते विचारा.

मग साखर. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर त्यानेही बी-१२ कमी होऊ शकतं. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही तसंच. ड जीवनसत्त्व. पाळी जाण्याचा काळ, त्यात घाम, चिडचिड, झोप उडणं हे सगळं येतं. घोरणं : रात्री मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, याने दिवसभर थकवा राहतो, आणि थायरॉईडच्या माणसात ते जास्त दिसतं. हे घोरणाऱ्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. तेव्हा श्रीमंडळींनी सांगायचं, हसायचं नाही!

आणि मन. उदासी हाही आजार आहे, आणि तो थायरॉईडबरोबर असू शकतो किंवा स्वतंत्रही असू शकतो. 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं म्हणणं वेगळं आणि 'तुमच्या मनालाही उपचार लागेल' असं म्हणणं वेगळं. पहिल्याने बाई गप्प बसते, दुसऱ्याने बरी होते. सरकारची टेली मानस नावाची मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. मराठीतून बोलता येतं. मन फार खचलं असेल तर वाट न बघता फोन करा.

चौथी पायरी : वही.

आपण पाबळचे आहोत. १९८३ साली डॉ. कलबाग मोठ्या कंपनीच्या संशोधनातलं काम सोडून इथे आले, इथल्या माळावर त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेली मुलं तिथे हाताने काम करत विज्ञान शिकली. वेल्डिंग, शेती, वीज यांच्याबरोबर गृह आणि आरोग्य हाही त्या शिक्षणाचा एक भाग आहे. करून बघा, मोजा, लिहून ठेवा, ही पद्धत आपल्या गावाने अशी चाळीस वर्षं जवळून पाहिली आहे. तीच आपल्या शरीराला लावायची.

शंभर पानी वही घ्या. रोज फक्त चार गोष्टी लिहा. गोळी किती वाजता घेतली, रात्री किती तास झोप झाली, दिवसभराच्या थकव्याला दहापैकी किती गुण, आणि काही वेगळं घडलं का. दर रविवारी वजन. मागे तपासण्यांच्या तारखा आणि आकडे. दोन मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांकडे आपल्याला पाच मिनिटं मिळतात. 'फार थकवा येतो हो' म्हटलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. 'दोन महिन्यांपासून दुपारी तीननंतर थकवा दहात सात, झोप पाच तास, पायाला मुंग्या' म्हटलं की त्यांना वाट दिसते. माझ्या वहीतून मला कळलं की, ज्या आठवड्यात झोप सहा तासांच्या खाली, त्या आठवड्यात थकव्याचे गुण वर. त्याला गोळीची गरज नव्हती, झोपेची होती.

पाचवी पायरी : रोजचं जगणं.

चालायला सुरुवात करा, पण पहिल्या दिवशी मस्तानीच्या समाधीपर्यंत जाऊन दुसऱ्या दिवशी अंथरुणात, असं नको. दहा मिनिटांनी सुरू करा, आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. डाळ, उसळ, दही, अंडी चालत असतील तर अंडी, हे ताटात रोज हवं. पोट साफ राहायला भाजी, फळ आणि पाणी. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही होत नाही, त्याला उगाच घाबरू नका. सोयाबीन खाणार असाल तर गोळीपासून लांब ठेवा. मीठ आयोडीनचंच वापरा, पण आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनाने घेऊ नका, जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते.

आणि कामं वाटून घ्या. माझं सकाळी डोकं चालतं, म्हणून हिशेब, पत्रं, बँक सकाळी. दुपारी वीस मिनिटं पडते. संध्याकाळी उभ्याचं काम ठेवत नाही. याला मी आळस म्हणत नाही. आहे ती ताकद दिवसभर पुरवण्याची ही रीत आहे.

आता काय करायचं नाही, ते थोडक्यात. मनाने गोळी वाढवायची नाही. जास्त डोसने चार दिवस हुशारी वाटेल, पण पुढे धडधड, हाताला कंप, झोप उडणं, आणि वयस्कर बायकांत हृदयाचे ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं, असे धोके आहेत. वजन कमी करायला तर ही गोळी मुळीच नाही. शेजारणीला ७५ चालू आहे म्हणून मलाही ७५, असंही नसतं. वजन, वय, हृदय यावर डोस ठरतो.

काहीजणी विचारतात, टी-३ नावाची दुसरी गोळी असते ना? असते. आपल्या नेहमीच्या गोळीत टी-४ असतं, शरीर त्यातून लागेल तसं टी-३ बनवतं. दोन्ही एकत्र देऊन बघण्याचे पुष्कळ प्रयोग झाले, पण सरसकट फायदा दिसलेला नाही. वरच्या सगळ्या पायऱ्या तपासूनही त्रास उरला, तर हार्मोन्सचे तज्ज्ञ डॉक्टर एखाद्याला ठरावीक काळ देऊन बघतात. तो निर्णय त्यांचा. दुकानातून मागवायची ती गोष्ट नाही. आणि छातीत दुखणं, धाप लागणं, फार गुंगी येणं असं काही झालं तर वही-बिही बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

या गोळीची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचून बघितला. त्याआधी या आजारावर औषधच नव्हतं. बाई सेहेचाळीस वर्षांची होती, मरणपंथाला लागलेली. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. १९१४ साली केंडॉल यांनी ग्रंथीतून शुद्ध रस वेगळा केला, १९२७ साली तो प्रयोगशाळेत तयार करता आला. म्हणून आज आपल्याला मेंढ्या लागत नाहीत, एक छोटी गोळी पुरते. तेव्हा गोळीला शिव्या घालू नका. तिने तिचं काम केलेलं असतं. उरलेलं काम आपण शोधायचं असतं.

शेवटचं, आणि हे मी घरच्या मंडळींसाठी बोलते. या आजारात बाई बाहेरून धडधाकट दिसते. प्लास्टर नाही, ताप नाही. मग सून असेल तर 'आळशी', सासू असेल तर 'ढोंग', नवरा असेल तर 'कामाला टाळाटाळ'. आपल्याही इमारतीच्या जिन्यात हे शब्द मी ऐकले आहेत. ते ऐकून बाई आणखी दोन कामं अंगावर घेते आणि मग डॉक्टरांकडे जाऊन सांगतसुद्धा नाही. माझं मागणं मोठं नाही. सकाळचा चहा गोळीनंतर तासाने झाला तर कुरकुर करू नका. तपासणीला जाताना एकाने बरोबर जा, वहीतलं तुम्हीही वाचा. 'रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग काय होतंय तुला?' असं विचारताना आवाज जरा बदलून बघा. शब्द तेच, पण त्रासिक आवाजात विचारलं तर टोमणा होतो आणि शेजारी बसून विचारलं तर प्रश्न होतो.

माझं आज सगळं ठीक आहे, असं मी म्हणणार नाही. सतरा वर्षांनंतरही काही दिवस जड जातात. पण दहात सात-आठ असणारा थकवा आता तीन-चारवर आहे, आणि तो कशाने वाढतो हे मला माहीत आहे. एवढ्यावर माणूस चांगलं जगू शकतं.

कार्यकारिणीला एक विनंती करते. रौप्यमहोत्सवाचा एक दिवस रक्ततपासणीसाठी ठेवा. हिमोग्लोबिन, साखर आणि डॉक्टर सांगतील त्यांचं बी-१२ आणि टीएसएच. फक्त बायकांचं नको, सगळ्यांचं. वह्या मी आणते, पहिल्या पन्नास माझ्याकडून.

आपल्या संस्थेच्या पुढच्या पंचवीस वर्षांना आणि तुम्हा सर्वांच्या आरोग्याला मनापासून शुभेच्छा.